बहिणीचा हिस्सा आणि हमालांची घरं

निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीतल्या बायका विचारतात, "तुम्ही सरकारात नक्की काय करत होतात हो?" मी म्हणते, "संस्था तपासत होते." त्यावर त्यांचा चेहरा असा होतो, की जणू मी आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघत होते. ते फारसं खोटंही नाही.

मी स्थापत्याची पदविका घेतलेली. जिल्ह्याच्या गृहनिर्माण खात्यात आरेखक म्हणून लागले, नकाशे काढत बसले. पुढे नव्वदच्या दशकात एक धोरण आलं. गरिबांची घरं सरकारनं स्वतः बांधण्यापेक्षा, नफा न कमावणाऱ्या स्थानिक संस्थांना पैसा द्यावा, त्यांनी बांधावीत. कल्पना चांगली होती. पण पैसा मिळणार म्हटल्यावर संस्था पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांतल्या खऱ्या कुठल्या आणि पुठ्ठ्याच्या कुठल्या, हे गावात जाऊन बघणारं कुणीतरी हवं होतं. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले, कारण एसटीनं तिकडं हिंडायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

संस्थेला पैसा मिळायला काय लागतं, हे सरकारी भाषेत पानंच्या पानं होतं. मी लोकांना सोपं करून सांगायची. संस्था कालही होती का? म्हणजे नोंदणी, हिशेबतपासणी, आधी केलेलं काहीतरी काम. संस्था उद्याही असेल का? म्हणजे विश्वस्त एकाच घरातले नकोत, आणि कुणी आजारी पडला म्हणून कुलूप लागायला नको. बांधणार कोण? म्हणजे भिंत सरळ उभी करता येणारा माणूस तुमच्याकडं आहे का. आणि शेवटचा प्रश्न, ज्याच्यावर निम्म्या संस्था आपटायच्या: जमीन कुणाची? ती संस्थेच्या नावावर, वाद नसलेली, कुणाची हरकत नसलेली हवी. दुसऱ्याच्या जमिनीवर सरकार घर बांधत नाही.

दौंड तालुक्यात एका गावी अशीच तपासणीला गेले होते. अध्यक्ष म्हणजे गावातले बडे आप्पा. बैठकीत गालिचा, भिंतीवर संस्थेची नवीकोरी पाटी. हात लावला तर बोटाला निळा रंग लागला. आप्पा सारखे "आमची कार्यकारिणी, आमची कार्यकारिणी" म्हणत होते. एवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. मी सहज नाव विचारलं. ते नाव सदस्यांमध्ये होतं.

मी म्हटलं, "ताई, मागची सभा कधी झाली?"

ती बिचारी गोंधळली. "सभा? कसली? आमच्या नंदंच्या लग्नाची व्हय?"

आप्पा खाकरले. मी विचारलं, "आणि बाकीचे सदस्य?"

"हे काय, मी, आमचं दोन चिरंजीव, मेव्हणं आन् ही. म्याडम, पैशाचं काम हाय. घरातलीच माणसं विश्वासाची असत्यात!"

मी त्यांना सांगितलं की सरकारला नेमकी हीच भीती आहे. आप्पांना त्यात विनोद काय ते कळलं नाही, पण चहा उत्तम होता.

अशा नमुन्यांमुळे प्रवास सुखाचा व्हायचा. पण मला सांगायचं आहे ते शिरूरच्या एका मंडळाबद्दल. त्याचं नाव घोडकाठ सेवा मंडळ.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. तिथल्या मार्केट यार्डात पोती वाहणारे हमाल आणि कांदा निवडणाऱ्या, धान्य पाखडणाऱ्या बायका नदीकाठच्या झोपड्यांत राहायच्या. पावसाळ्यात घोड नदी चढली की बिऱ्हाड उचलून यार्डाच्या शेडमध्ये यायचं, ओसरली की परत जायचं. त्यात त्या वर्षी नगरपालिकेनं काठ मोकळा करण्याच्या नोटिसा काढल्या होत्या.

मंडळाचे चिटणीस होते शब्बीरभाई. शिरूरच्या बाजारपेठेत शिंपीकाम करायचे. कित्येक पिढ्या त्यांचं घर तिथलंच. माझं स्वागत त्यांनी दुकानातच केलं, शिलाई मशीनवरून उठून, गळ्यात टेप तशीच.

"म्याडम, आमच्याकडं पाटी न्हाई," ते आधीच म्हणाले. "पाटीच्या पैशात बालवाडीला फळा घेतला."

बालवाडी बघायला गेले. दोन खोल्या, हमालांनीच श्रमदानानं बांधलेल्या. मंडळाचा एक मिस्त्री पाबळच्या तंत्रशाळेत बांधकाम शिकून आलेला होता. मी ओळंबा लावून बघितला, कोपरे मापले, प्लास्टरवर टिचकी मारली. काम चोख होतं. विश्वस्तांत एक शिंपी, दोन हमाल, एक निवृत्त पोस्टमन आणि हिराबाई नावाची कांदा निवडणारी बाई. कुणी कुणाचं नातेवाईक नव्हतं. उलट सभेत कडाकडा भांडायचे आणि ते भांडण इतिवृत्तात लिहून ठेवायचे. मला मनातून आनंद झाला. पहिले तीन प्रश्न पार झाले होते.

जमीनही होती, असं त्यांना वाटत होतं. न्हावरे रस्त्याला, शहराच्या वेशीबाहेर रंगनाथ आबांची शेती होती. आबा मोठे बागायतदार, यार्डात मान असलेले. त्यांनी रस्त्याकडेचा तुकडा मंडळाला दान देण्याचं जाहीर केलं होतं. यार्डात सत्कार झाला, आबांनी हार घालून घेतला, फेटा बांधून घेतला. वसाहतीच्या कमानीवर आबांच्या वडिलांचं नाव द्यायचंही ठरलं.

मी सातबारा मागितला. त्यावर दोन नावं होती. रंगनाथ आणि शेवंताबाई.

"शेवंताबाई कोण?" मी विचारलं.

शब्बीरभाईंनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. "आबांची बहीण. दौंडला असती. पण त्यांचं बोलणं न्हाई."

हकीगत अशी होती. वडील गेले तेव्हा वारस म्हणून दोघांची नावं लागली. तेराव्याच्या जेवणाच्या पंगती उठत होत्या, तेवढ्यात आबांनी बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवलं. सगळ्या बहिणी करतात तशी ही पण सही करील, असं धरून चालले होते. शेवंताबाईंनी सही केली नाही. त्या दिवसापासून माहेर तुटलं. भाऊबीजही बंद.

मी त्यांना सरळ सांगितलं की बाईंची संमती नसेल तर प्रस्ताव पुढं जाणार नाही. जिल्हा समितीची बैठक उन्हाळ्याआधी होती. ती हुकली तर पुढचं वर्ष, म्हणजे आणखी एक पावसाळा नदीकाठी, तोही नोटिसा डोक्यावर घेऊन.

शब्बीरभाई टेप उलगडून पुन्हा गुंडाळू लागले. हिराबाई मात्र म्हणाली, "मग बसायचं कशाला? दौंडला जाऊ की."

त्या आठवड्यात मला दौंडला दुसऱ्या एका तपासणीला जायचंच होतं. अर्जदारासाठी रदबदली करणं माझ्या कामात बसत नाही, हे मी दोघांना बजावलं. कायदा काय आहे तेवढं विचारलं तर सांगेन. शिरूरहून एसटीत तिघं एकाच बाकावर बसलो. न्हावरे गेलं, भीमेचा पूल गेला, चौफुल्याला भेळ खाल्ली. शब्बीरभाई वाटभर बोलायचं काय याची तयारी करत होते. "दानपुण्याचं काम हाय, असं सांगू. माणूस पुण्याला भुलतो."

दौंडला स्टेशनजवळ शेवंताबाईंची खाणावळ होती. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्यांनी गार्ड-ड्रायव्हर लोकांना जेवू घालायला सुरुवात केली आणि त्यातून स्वतःचं घर उभं केलं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची गर्दी होती. कुणाची गाडी सुटणार होती, कुणाची आत्ताच आली होती. बाई मध्यभागी उभ्या. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की इंजिनाच्या शिट्टीवर चढावा.

शब्बीरभाईंनी आमची ओळख करून दिली. शिरूरहून आलोय म्हटल्यावर बाईंनी आम्हाला नीट न्याहाळलं. "आदी जेवा. पोटात अन्न गेल्याबिगर माझ्याशी कुणी बोलू ने."

पिठलं, भाकरी आणि ठेचा. जेवण झालं तशी गर्दी पांगली. शब्बीरभाईंनी घसा साफ केला आणि पुण्याचं सुरू केलं. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं.

"आन् त्ये पुण्य कुणाच्या नावावर चढणार?" त्यांनी विचारलं.

शब्बीरभाई आमच्याकडं बघू लागले.

"न्हाई, सांगा की. मी हक्कसोड करायची, म्हंजी कागदावर म्हणायचं, माझं काय बी न्हाई. मग रंगा ते दान करणार. म्हंजी दान त्याचं, आन् न्हाई म्हणणं तेवढं माझं!"

मी मान खाली घातली. माझ्या माहेरी मीही अशी सही केली होती, चहा पिता पिता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. कागद पुढं आला आणि मी पेन उघडलं. या बाईनं भरल्या पंगतीत पेन बाजूला ठेवलं होतं, हे ऐकताना मला कसंसंच झालं.

हिराबाईनं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "आक्का, तुमचं खरं हाय. सोडू नगा. आमाला घर मिळालं तरी मालकाच्या नावावर व्हनार. त्यो पिऊन आला आन् म्हनला, हो भाईर, की परत मी नदीवर. नदी बरी, ती निदान पावसाळ्यातच हाकलती."

शेवंताबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. "इंजिनेरबाई, तुम्ही सरकारच्या. मला सांगा, हक्क न सोडता जमीन देता येती का?"

"येते," मी म्हटलं. "हक्कसोड करायचीच गरज नाही. तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही द्यायचा, त्यांचा त्यांनी. एकच बक्षीसपत्र, देणारे दोघं."

"मग हे आजपतोर कुणी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही काय देऊ शकता, हे कुणी विचारलंच नसेल."

बाई मोठ्यांदा हसल्या. खरकटी ताटं उचलता उचलता त्यांनी अटी सांगितल्या. देणार म्हणून माझं नाव लागलं पाहिजे. घरं बायकांच्या नावावर झाली पाहिजेत. आणि तिसरी, "मला त्या मंडळात घ्या. जमीन दिली आन् हात झटकले, असलं माझ्याच्यानं व्हनार न्हाई. त्या जागंवर काय बांधताय ते मी बघणार."

परतीच्या गाडीत शब्बीरभाई म्हणाले, "म्याडम, पुण्याचं भाषण वाया गेलं." पण चेहरा फुललेला होता.

आता आबांना तयार करायचं होतं. मी तिथं नव्हते, शब्बीरभाईंनी नंतर साभिनय सांगितलं. आबा भडकले म्हणे. "म्हंजी अर्धं नाव तिचं? यार्डात काय सांगू? लोक म्हणत्याल, आबा अर्धाच दाता!" शब्बीरभाई शांतपणे म्हणाले, "आबा, भूमिपूजनासाठी तुमचं जाकीट शिवून तयार हाय. घालायचं का उसवायचं, तेवढं सांगा. बटनं लावायची राहिल्यात."

आबांनी रात्र जाऊ दिली आणि सकाळी निरोप धाडला, बटणं लावा म्हणून.

बक्षीसपत्राच्या दिवशी मी शिरूरच्या निबंधक कचेरीत गेले. खरं तर माझं तिथं काही काम नव्हतं. कागद झाल्यावर प्रत मला मिळालीच असती. पण राहवलं नाही. आबा जाकीट घालून व्हरांड्यात खांबाला टेकून उभे. दौंडची गाडी आली, शेवंताबाई हिरव्या इरकलीत उतरल्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोन बाजूंना तोंडं फिरवली. आत बोलावलं तेव्हाही दोन खुर्च्या सोडून बसले.

कारकून तरुण होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं आबांना विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

आबांनी फेटा सारखा केला. "बहीण हाय. माझ्या पाठची."

"पाठची?" शेवंताबाई खुर्चीवरून उठल्याच. "आरं रंगा, तुला कडंवर घिऊन घोडनदीच्या बाजारात हिंडवलाय मी! गुडदाणीसाठी लोळण घ्यायचास रस्त्यात! लिव्हा वो, त्यो माझ्या पाठचा हाय."

सगळी कचेरी हसली. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. "मोठी हाय," ते कारकुनाला म्हणाले. "आक्का म्हणायचो मी तिला." मग दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. वर आक्काची.

जिल्हा समितीत एका साहेबांनी शंका काढली. शिंपी आणि हमाल घरं काय बांधणार? मी बालवाडीची मापं पुढं ठेवली आणि सांगितलं की मी तपासलेल्या कामांत एवढे काटकोनी कोपरे फार थोड्या ठिकाणी पाहिलेत. बाकीची पात्रताही पूर्ण होती. प्रस्ताव मंजूर झाला. शब्बीरभाईंना फोन केला तर पलीकडून नुसता मशीनचा आवाज थांबल्याचं कळलं.

तो एक पावसाळा मात्र लोकांना यार्डाच्या शेडमध्येच काढावा लागला. नगरपालिकेनं मंजुरी बघून नोटिसा थोपवल्या. पावसाळा सरल्यावर पाया खणायला सुरुवात झाली, आणि नकाशे-देखरेख माझ्याकडंच असल्यानं माझी खरी परीक्षाही. विश्वस्त शेवंताबाई दर आठवड्याला दौंडहून डबा घेऊन यायच्या आणि नकाशावर वाद घालायच्या. प्रत्येक घराला बाहेर ओटा पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "बायका दाणं निवडणार कुठं, डोक्यावर?" उघडा ओटा मंजूर क्षेत्रात मोजला जात नाही म्हणून मी तो बसवून दिला. चुलीची खिडकी त्यांना पश्चिमेला हवी होती. तिथं मी हटले नाही, वाऱ्यानं सगळा धूर घरात परतला असता. त्या माझ्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत, पण डबा आणत राहिल्या.

घरं बायकांच्या नावावर, हे जेव्हा सभेत मांडलं तेव्हा हमालांत कुरबुर झाली. एकजण उठून म्हणाला, "घर बायकूचं, मग आमी काय पाव्हणं?"

"पाव्हण्यासारखं नीट वागा," शेवंताबाई म्हणाल्या, "मग ऱ्हावा की जलमभर!"

शेवटी दोघांची नावं लावायची, पण पहिलं बाईचं, असं ठरलं. नियमातही ते बसत होतं.

सगळीकडं असं जमलं नाही. दौंडलाच रेल्वेच्या हद्दीलगत राहणाऱ्या लोकांची एक लहान संस्था होती. प्रामाणिक माणसं, हिशेब चोख, हाताखाली चांगला गवंडी. पण जमीन नव्हती, आणि देणारंही कुणी भेटलं नाही. शेवंताबाईंनीही खूप खटपट केली. मी प्रस्ताव परत पाठवला. नियमानं तेच बरोबर होतं, आजही दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही. पण त्यांचे अध्यक्ष कागद घेऊन मला "थँक्यू" म्हणाले होते, ते अजून टोचतं. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला मदत मिळायला आधी काहीतरी असावं लागतं, ही आमच्या योजनेची मोठीच गंमत होती. तिला हसता येत नाही.

शिरूरची घरं पुरी झाली. वाटपाच्या आदल्या दिवशी मंडळाची सभा होती. हिराबाईनं सगळ्या बायकांच्या वतीनं ठराव मांडला की कोपऱ्यावरचं एक घर शेवंताआक्कांना द्यावं. त्यांनी आता खाणावळ बंद करून इथं राहावं, त्यांचीच जमीन आहे. टाळ्या वाजल्या. आबा पण म्हणाले, "ये आक्का, जवळ ऱ्हाशील."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मला बोलणं भाग होतं. मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, की ही घरं बेघरांसाठीच आहेत. ज्याचं स्वतःचं पक्कं घर आहे, शेतीत हिस्सा आहे, धंदा आहे, तो या योजनेत बसत नाही. "शेवंताबाई," मी म्हटलं, "नियमाप्रमाणे तुम्ही अपात्र आहात."

हिराबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं.

शेवंताबाईंनी मात्र मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. "अपात्र? म्हंजी माझ्याकडं हाय म्हणून? सरकार म्हणतंय तसं?"

"हो. तुमच्याकडं पुष्कळ आहे म्हणून."

त्या पदर सावरून ऐटीत उभ्या राहिल्या. "ऐकलं का रं रंगा? लिवून घ्या शब्बीरभाई, इतिवृत्तात लिवा. जलमभर ज्यानं त्यानं सांगितलं, शेवंते, तुझं हितं काय न्हाई, तिथं काय न्हाई. आज पयल्यांदा कुणीतरी सांगतंय, तुझ्याकडं लई हाय, दुसऱ्याला देऊन टाक!"

आणि दौंडची शेवटची गाडी गाठायला त्या हसत निघाल्या. पुढं महिनाभर, मला कळलं, जेवायला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्या वाढता वाढता अभिमानानं सांगायच्या, "सरकारनं मला अपात्र केलंय, म्हाईती हाय का?"